चतुराचा डावा पंख

माझ्या मुलीचं यंत्र उडू नये यासाठी जे जे करण्यासारखं होतं ते सगळं मी एका दुपारी पाऊण तासात उरकलं. आणि ते चांगलं उडावं म्हणूनच उरकलं.

ही गोष्ट मी आजवर कोणाला सलग सांगितलेली नाही. मी मुळात कमी बोलणारा. शेलूबाजारच्या चौकात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आणि या धंद्यात तोंड मिटूनच बसावं लागतं. डोळ्यात भिंग खोचलेलं, समोर चक्रं मांडलेली. जोरात श्वास सोडला तरी एखादं चक्र कायमचं बेपत्ता! तीस वर्षं श्वास धरून बसल्यावर माणसाची बोलायची सवयच जाते. (आता घड्याळं कोणी दुरुस्त करत नाही. लोक पट्टा आणि सेल बदलून जातात. पण श्वास धरायची सवय राहिली.) लोकांना वाटतं, मधुकरभाऊ शांत माणूस आहे. मी शांत नव्हतो. मी लपून बसलो होतो.

माझी मुलगी प्रज्ञा. नागपूरला इंजिनिअरिंग शिकता शिकता तिला किड्यांचा नाद लागला. म्हणजे तिचं म्हणणं असं, की विमान पंख ताठ धरून उडतं, ड्रोन पाती गरगर फिरवून उडतं, पण माशी किंवा चतुर पंख फडफडवून जसा हवेत जागच्या जागी थांबतो, वाटेल तिकडं वळतो, तसं यंत्र माणसाला अजून नीट जमलेलं नाही. ते तिला जमवायचं होतं. दोन वर्षं खपून तिनं एक केलंही. चार पंखांचं, तळहाताएवढं, चिमणीच्या निम्म्या वजनाचं. अंगात काळ्या तंतूच्या काड्या, शेवयांसारख्या बारीक. पंख पारदर्शक फिल्मचे, बर्फीवरच्या वर्खाहून जरासेच जाड. पोटात बोराएवढी मोटर आणि नखाएवढी बॅटरी. आम्ही सगळे त्याला चतुरच म्हणायचो.

आमच्या शेजारचे सोनार दिगांबरशेठ यांनी ते पाहून विचारलं, याच्यानं तुरीवर फवारा मारता येते का. प्रज्ञा म्हणाली, काका, हे पाण्याचा एक थेंबही उचलू शकत नाही. शेठनी बराच वेळ तिच्याकडं सहानुभूतीनं पाहिलं.

तर दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत असल्याच फडफडत्या यंत्रांवर संशोधन करायची एकच जागा होती. प्रज्ञा शेवटच्या दोघांत आली होती. आता तिनं एवढंच करून दाखवायचं होतं: बंद हॉलच्या या टोकाकडून त्या टोकाकडं चतुर सरळ उडवायचा आणि जमिनीवर अंथरलेल्या रुमालावर उतरवायचा. तिघं प्राध्यापक लॅपटॉपवर बघणार. तिच्या कॉलेजचा हॉल परीक्षेत अडकलेला, म्हणून ती चतुर घेऊन घरी आली. आमच्या विहाराचा हॉल लांब आहे आणि खिडक्या घट्ट लागतात. दिवस ठरला रविवार, सकाळी दहा.

शुक्रवारी सकाळी तिनं एकदा उडवून पाहिलं. मी दाराशी उभा होतो. चतुर फर्रर्र करत सुतासारखा सरळ गेला आणि रुमालाच्या मधोमध बसला. आता पंख झिजायला नकोत म्हणून थेट रविवारीच उडवायचा, असं म्हणून तिनं तो आतल्या टिनाच्या खोलीत, टेबलावर, पोळ्यांवर झाकतात त्या जाळीखाली ठेवला आणि मला सांगितलं, "बाबा, याले कोनाले हात लावू देऊ नका."

म्हणजे पहारेकरी मी! आणि पहारेकऱ्याला आत जायची मुभा असतेच, असा मी त्याचा अर्थ लावला.

मे महिना. दुपारी दोनची वेळ. बाहेरच्या खोलीत कूलरपुढं मायलेकी झोपलेल्या. मी जाळी उचलली. फक्त पाहायला. पाहायचं म्हणजे भिंग हवं, म्हणून भिंग लावलं. भिंग लावलं की माझा हात आपोआप चिमट्याकडं जातो, त्याला मी काही करू शकत नाही. बोटानं मोटरीजवळचं दातेरी चक्र हळूच फिरवलं, तर दात्यांतून बारीक करकर ऐकू आली.

मी कारंज्याला ज्यांच्याकडं काम शिकलो ते उस्ताद म्हणायचे, घड्याळ समोर आलं की आधी तेल, मग अक्कल. मी सुईच्या टोकानं एक थेंब सोडला. कमी वाटला. दुसरा सोडला. (प्लास्टिकच्या दात्यांना तेल लागत नाही, हे मला पुढं कळलं. उस्तादांच्या काळी प्लास्टिकचे दाते फक्त कवळीत असायचे.)

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तेवढ्यात माझी नजर पंखांवर गेली. डावा मागचा पंख उजव्यापेक्षा रुंद होता! फार नाही, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. तुम्हाला दिसला नसता. पण ज्याची हयात दोन काटे एकमेकांवर बरोबर आणण्यात गेली, त्याला जोडीतलं एक कमीजास्त दिसलं की दाताखाली खडा आल्यासारखं होतं. मला वाटलं, पोरीचा हात घसरला. रात्री रात्री जागून केलेलं काम, व्हायचंच. बिचारीच्या लक्षातही आलं नाही, आणि परवा तिघं प्राध्यापक बघणार.

मी नवं ब्लेड काढलं. श्वास धरला. एका ओढीत ती जास्तीची कड उतरवली. आयुष्यातला माझा सगळ्यात देखणा काप तो. कुठं धागा नाही, सुरकुती नाही, जणू कारखान्यातूनच तसा आलेला. उजवा-डावा अगदी सारखे. जाळी झाकली, बाहेर आलो आणि कूलरपुढं आडवा झालो. झोपही छान लागली. (गुन्हेगाराला झोप लागत नाही म्हणतात. पण त्यासाठी त्याला आधी गुन्हा कळावा लागतो.)

चार वाजता चहा घेताना तो कळला. शालिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, सहज विचारलं, की एवढंसं यंत्र सरळ कसं काय जातं, कलंडत कसं नाही.

"मा, तू डाव्या कमरेवर हंडा घेते तवा कशी चालते?" प्रज्ञानं विचारलं.

"उजवीकडं झुकून. नाई तं पडन ना मी."

"मंग. याची मोटर डाव्या अंगाले हाय. थे वजन याले डावीकडं ओढते. म्हून मी डावा मागचा पंख मुद्दाम थोडा रुंद ठेवला. तांदयाच्या अर्ध्या दाण्याएवढा. तेवढ्यानं तोल राह्यते. थे काढून घेतलं तं हे गोल गोल फिरत राहीन."

माझ्या हातात बशी होती. चहा बशीतच राहिला.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. नवा पंख करायला तिला एक दिवस पुरला असता, सामान तिच्या डब्यात होतं. मी बशी खाली ठेवली, घसा खाकरला, तोंड उघडलं. तेवढ्यात शालिनी म्हणाली, "अर्ध्या दाण्याचं मोजमाप. तुले जमते कसं वं हे?"

"बाबाचा हात हाय मा," प्रज्ञा म्हणाली. "लहानपनापासून पाहून राह्यली मी. बाबा कापते तसं कोनाच्यानंच कापनं होत नाई."

मी तोंड मिटलं.

आता एकच उपाय उरला होता: ती कापलेली पट्टी शोधायची आणि गुपचूप परत चिकटवायची. पट्टी माझ्या बोटाला चिकटून बाहेर आली होती आणि पुढं मी कूलरसमोर झोपलो होतो. म्हणजे पारदर्शक, नखाएवढी, वाऱ्यावर सोडलेली वस्तू! मी खाटेखाली शिरलो. शालिनीनं विचारलं, काय शोधता. मी म्हणालो, स्क्रू. तीही वाकली. तेवढ्यात माझी थोरली बहीण सुमनताई रविवारचा कार्यक्रम पाहायला धनजहून येऊन दाखल झाली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिला कळलं की भावाचा स्क्रू हरवला आहे, आणि तीही गुडघ्यांवर बसली. जो स्क्रू नव्हताच तो आम्ही तिघांनी अर्धा तास शोधला. आणि सुमनताईला तो सापडला! (घड्याळवाल्याच्या घरात कोणत्याही कोपऱ्यात अर्धा तास शोधलं तर एखादा स्क्रू सापडतोच.) तिनं तो माझ्या तळहातावर ठेवून सांगितलं, की तू लहानपणापासून असाच बावळट आहेस. मला खूश झाल्याचं दाखवावं लागलं. मग शालिनीनं सगळं घर झाडून काढलं, आणि ती पट्टी केरासोबत हायवेच्या दिशेनं गेली असावी.

शनिवारी दुसरं संकट आलं. सोमवारी कागदपत्रांत वजनही लिहायचं होतं, म्हणून प्रज्ञा चतुर आणि मला घेऊन दिगांबरशेठकडं गेली. सोन्याचा काटा, गुंजेचाही भाग दाखवणारा. नागपूरच्या प्रयोगशाळेत केलेली नोंद तिच्या वहीत होती. काट्यानं थोडं जास्त दाखवलं. तिनं तीनदा ठेवून पाहिलं. तिन्ही वेळा तेवढंच जास्त. ते माझ्या तेलाचं वजन होतं, हे त्या दुकानात फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो भिंतीवरची दिनदर्शिका वाचत उभा होता.

"काका, तुमच्या काट्यात फरक असन," प्रज्ञा भोळेपणानं म्हणाली.

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. एका बाईनं तोलायला ठेवलेलं मंगळसूत्र हळूच परत पदरात घेतलं.

"बेटा," दिगांबरशेठ म्हणाले, "माया बापापासून या काट्यावर कोनी बोट ठेवलं नाई." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मधुकरभाऊ, तुमी तं जानते. सांगा ना हिले."

मी काय सांगणार? काटा खरा म्हटलं तर पोरगी विचारणार, मग वजन वाढलं कशानं. मी म्हणालो, हवा दमट आहे, पंखांनी ओल धरली असेल.

बाहेर त्रेचाळीस अंश होतं. समोरच्या गच्चीवर घातलेले पापड माझं वाक्य संपेपर्यंत वाळले असतील. दिगांबरशेठनी माझ्याकडं जी नजर टाकली, ती घेऊन मी घरी आलो. संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं होतं, की शेठच्या काट्यात खोट आहे आणि ती इंजिनिअर पोरीनं धरली. म्हणजे आता माझ्या दोन थेंब तेलात एक शेजारीही बुडाला.

रविवार उजाडला. मी रात्री ठरवलं होतं की सकाळी उठल्या उठल्या सांगायचं. सकाळी उठलो तर प्रज्ञा पांढरा कुर्ता घालून, शांत चेहऱ्यानं रुमालाला इस्त्री करत होती. म्हणाली, "बाबा, तुमी माया मागं उभं राहा. तुमी असले का हात थरथरत नाई." सांगायचं राहिलं ते राहिलंच.

विहाराच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं जमली. वारा चालणार नाही म्हणून पंखे बंद, खिडक्या बंद. पदरानं किंवा पेपरनं वारा घेतला तर बाहेर काढीन, असं सुमनताईनं सगळ्यांना बजावलं होतं. लोक नुसते निथळत होते. दिगांबरशेठही आले होते. रागावून आले होते, पण आले होते, आणि लाल फडक्यात सरकारी शिक्क्याची वजनं बांधून आणली होती, म्हणजे कार्यक्रम झाल्यावर सगळ्यांसमक्ष निकाल लागावा. लॅपटॉपवर तीन चेहरे आले. त्यांतल्या मधल्या सरांनी इंग्रजीत काहीतरी म्हटलं, प्रज्ञानं उत्तर दिलं आणि चतुर हातात घेतला.

माझा श्वास, सवयीप्रमाणे, मी धरलेलाच होता.

फर्रर्र. चतुर उडाला. पहिले चार हात सरळ गेला. मला वाटलं, सुटलो. अर्ध्या दाण्यानं काय होतं? आणि मग तो डावीकडं झुकला, जसं कोणी कान धरून वळवावं. अर्धा गोल. पूर्ण गोल. रुमाल तिकडं, हा इकडं. दुसरा गोल जरा लहान. चाळीस माना त्याच्यासोबत फिरत होत्या. तिसरा गोल आणखी लहान, आणि त्याच्या मध्यावर कोण उभं होतं, हे मला उशिरा उमगलं. मागं सरकायला भिंत होती. चतुर थेट माझ्या छातीवर आला, सदऱ्याच्या गुंडीत पाय अडकवून बसला आणि तिथं पंख फडफडवत राहिला.

एवढ्या माणसांत त्यानं मलाच शोधलं! कोर्टात साक्षीदार आरोपीकडं बोट दाखवतो, ते यापेक्षा सभ्यपणानं दाखवत असेल.

सुमनताईनं डोळ्याला पदर लावला. "पाह्य वं बाई, बापाजवळच गेलं थे. मुक्या जिवाले बी कळते." बायका हळहळल्या. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

लॅपटॉपमधून मधल्या सरांचा आवाज आला. इतका वेळ इंग्रजी बोलणारा माणूस सरळ मराठीत बोलला (आमच्याकडचेच निघाले, अकोल्याचे): "डावीकडं का गेलं?"

प्रज्ञा माझ्यासमोर उभी होती. माझ्या गुंडीतून चतुर सोडवत होती. तिचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. उत्तर माझ्या छातीवर फडफडत होतं. मी एक वाक्य बोलायचं होतं.

"सर, मला माहीत नाही," प्रज्ञा म्हणाली. "शोधून सांगते."

तिचं सरळ उत्तर सरांना आवडलं असावं. बाकी दोघांशी काही बोलून त्यांनी निकाल दिला. जागा तिला मिळेल, पण कच्ची. पहिलं सत्र संपायच्या आत हे का घडलं ते तिनं कारणासह सिद्ध करायचं. नाही जमलं तर जागा दुसऱ्या मुलाची. ते ऐकून दिगांबरशेठनी लाल फडकं न सोडताच परत नेलं.

त्या दिवशी दुपारी तिनं पंख मोजले. डावा कमी भरला. ब्लेड चाललं असेल अशी शंकाही तिला आली नाही, कारण कड इतकी स्वच्छ होती की ती कापलेली वाटतच नव्हती! हातानं असं कापणं शक्य नाही, असं तीच म्हणाली. (जन्मात पहिल्यांदा माझ्या कामाचं खरं कौतुक झालं आणि मला मान खाली घालून ते ऐकावं लागलं.) मग उरलं एकच: टिनाच्या खोलीतल्या उकाड्यानं फिल्म आक्रसली. खिडकीकडं डावी बाजू होती, म्हणून डावीच आक्रसली. सिद्धांत तयार झाला.

पुढचे पाच महिने माझ्या मुलीनं न घडलेली गोष्ट सिद्ध करण्यात घालवले. संस्थेत जाऊन तिनं ती फिल्म भट्टीत ठेवली. चाळीस अंशात नाही आक्रसली. पन्नासमध्ये नाही. साठमध्ये नाही. दर रविवारी फोन यायचा. साठ अंशात न आक्रसणारी फिल्म शेलूबाजारात त्रेचाळीसमध्ये कशी आक्रसते, म्हणून तिचे सर हैराण, ती हैराण. एकदा म्हणाली, बाबा, त्या खोलीतलं तापमान रोज लिहून पाठवाल का?

मी काय केलं असेल? मी तापमापक आणला! सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी सहा; पाच महिन्यांत एक नोंद चुकवली नाही. खिडकीपाशी किती, टेबलावर किती, जाळीखाली किती. पाहुण्यांकडं लग्नाला गेलो तर शालिनीला मागं ठेवून नोंदी करवल्या. प्रज्ञा सरांना सांगायची, माझे वडील फार काटेकोर आहेत. इतक्या प्रामाणिकपणे मी आयुष्यात कोणतंच काम केलेलं नाही, जितक्या प्रामाणिकपणे ते खोटं सांभाळलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली ती निम्मी होऊन. सोबत त्याच फिल्मचा नवा पंख आणला होता, अगदी पहिल्यासारखा, रुंद कडेचा. तीच खोली, तेच टेबल, तीच जाळी. तीन दिवस तिथं ठेवला, बाजूला हीटर लावून खोलीचा मे महिना केला. पंख जसाच्या तसा. सोमवारी सत्र संपत होतं.

शनिवारी दुपारी ती टेबलापाशी बसली होती. मी दारात. ती माझ्याकडं न पाहता बोलली, "बाबा, मी सरले लिहून देतो, जागा सोडली म्हून. बँकेच्या परीक्षेले बसीन."

मी म्हणालो, एवढ्यात कशाला.

"फिल्म नाई आक्रसत. म्हंजे मायंच मोजमाप चुकलं होतं पयल्यापासून. शुक्रवारी सरळ उडालं थे नशिबानं उडालं." तिनं आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडं पाहत राहिली. "मले वाटे हात तुमच्यावर गेला. नाई गेला."

तुम्हाला खरं सांगतो, मी तोंडानं सांगायचा प्रयत्न केला. ते मला येत नाही. मग मी तेच केलं जे मला येतं. कपाटातून भिंग काढलं, डोळ्यात खोचलं. नवं ब्लेड काढलं. तिच्या शेजारी बसलो, तो नवा पंख पुढं ओढला, आणि ती 'बाबा, काय करून राह्यले' म्हणेपर्यंत श्वास धरून एका ओढीत त्याची कड उतरवली.

पट्टी बोटावर घेऊन तिच्यापुढं धरली. कूलर नव्हता, त्यामुळं ती यावेळी कुठं गेली नाही.

तिनं पट्टी पाहिली. पंख पाहिला. मोजपट्टी काढून मोजलं. वहीतल्या मे महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहिलं. पुन्हा मोजलं. मग वही हळूच मिटली.

"मे महिन्यात?"

"हो."

"शुक्रवारी?"

"दुपारी. तुमी झोपल्या होत्या."

"काहून?"

"सारखे नव्हते दिसत," मी म्हणालो.

मग मी तेलाचंही सांगून टाकलं. एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना.

"आन सांगतलं काहून नाई? पाच महिने बाबा. मी पाच महिने भट्टीपुढं बसली."

"तू म्हने, बाबाचा हात हाय म्हून. त्याच्यावर मी काय सांगू मंग तुले?"

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. ती रडते आहे की हसते आहे ते मला कळेना, आणि विचारायची हिंमत नव्हती. स्वयंपाकघरातून शालिनीनं ओरडून विचारलं, काय झालं. प्रज्ञानं हात न काढताच उत्तर दिलं, "काई नाई मा. सापडलं."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बोलली फक्त एकदा: "आधी दिगांबरकाकाकडं जा." गेलो. दुकानात गिऱ्हाइकं होती. मी म्हणालो, जरा बाजूला या. शेठ म्हणाले, बोट चौकात ठेवलं, आता बाजूले कायले? तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं, मला चहा पाजला, आणि पुढचा आठवडाभर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकासाठी मला शेजारच्या दुकानातून बोलावून तेच पुन्हा सांगायला लावलं. मी आयुष्यात एवढा कधी बोललो नव्हतो.

सोमवारी प्रज्ञानं सरांना फोन लावला आणि मला समोर बसवलं. मी सगळं सांगितलं. सर म्हणाले, की साठ अंशापर्यंत ही फिल्म आक्रसत नाही हे इतकं पक्कं आजवर आमच्याकडं कोणी तपासलं नव्हतं, त्याबद्दल आभार. (आभार कोणत्या सुरात मानले, ते इथं लिहिता येत नाही.) कारण सिद्ध झालं, दोन्ही कापलेले पंख जुळले, जागा पक्की झाली. प्रज्ञा अजून तिथंच आहे. तिचा नवा चतुर म्हणे हवेत जागच्या जागी थांबतो. मी तो अजून पाहिलेला नाही. दाखवते म्हणाली आहे, व्हिडिओवर.

तिथल्या नियमाप्रमाणे चुकलेल्या प्रत्येक प्रयोगाचा एक अहवाल भरून द्यावा लागतो. तिनं तिचा भरला आणि त्याची एक प्रत मला पाठवली. 'बिघाडाचे कारण' असा एक रकाना आहे. त्यात तिनं एकच शब्द लिहिला आहे: वडील. त्याच्या खाली 'पुन्हा घडू नये म्हणून उपाय', आणि त्यात: यापुढे चालू स्थितीतली कोणतीही वस्तू यांच्या हाती देऊ नये. खाली तिन्ही प्राध्यापकांच्या सह्या आणि संस्थेचा गोल शिक्का.

शालिनीनं तो कागद दोनदा वाचला, चौकटीत बसवून आणला आणि मिक्सरच्या वरच्या भिंतीला लावला. पंचवीस वर्षं ती हेच तोंडी सांगत होती. तिला फक्त तज्ज्ञांचा दाखला हवा होता.